कलंडलेला समुद्र

“ह्यो सगळा समुद्र गोव्यात सांडंल की रं!” आण्णांनी मान वाकडी करून फोटो पाहिला आणि टेबलावर टाकला.

आकारामने तो उचलला. क्षितिज डावीकडे कललं होतं खरं, पण केसभर. मालवणकडचा सूर्यास्त टिपायला घाट उतरून जायची ही त्याची चौथी खेप. पहिल्या खेपेला सूर्य मधोमध आला. “कपाळावर कुंकू लावलंयस काय?” असं आण्णांनी विचारलं. दुसऱ्या खेपेला पुढचं पाणी रिकामं होतं. तिसऱ्यांदा त्याने एक होडी गाठली, तर ती चौकटीबाहेर निघालेली. सूर्य सुधारावा तर होडी बिघडायची, होडी सांभाळावी तर समुद्र कलंडायचा. आकारामला आता सूर्याचाच राग यायला लागला होता.

पण आण्णांच्या होकाराशिवाय गाडी पुढे सरकत नव्हती. पुण्याच्या प्रदर्शनाला कोल्हापूरच्या फोटो क्लबातून कोणाचा फोटो जायचा, ते आण्णाच ठरवत. महाद्वार रोडवर त्यांचा जुना स्टुडिओ होता आणि क्लबात त्यांचा शब्द शेवटचा. आकाराम हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. त्याचा एकही फोटो आजवर पुण्याला गेला नव्हता, आणि यंदा तरी जावा म्हणून तो जिवाचं रान करत होता. घरी बायको, शालूबाई, म्हणायची, “तिकडंच दुसरं घर करा की, एसटीचा तरी ताप वाचंल.”

“आन् लाट बघ,” आण्णांचं चालूच होतं. “मेलीया ती. फुटायच्या आधी बटण दाबावं, एवढं कळत न्हाय?”

आकारामचं डोकं फिरलं. “आण्णा, आता तुम्हीच चला. कुठं उभं ऱ्हायाचं, कवा दाबायचं, तिथंच सांगा!”

आण्णांनी टेबलावरचे कागद आवरायला घेतले. मग गुडघा दुखतो म्हणाले. मग लग्नसराई आहे म्हणाले. आकारामने काही म्हणजे काही ऐकलं नाही. रविवारी सकाळी त्याने त्यांना एसटीत बसवलंच.

एरवी ज्यांच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे, ते आण्णा वाटभर खिडकीबाहेर बघत बसले. मालवणच्या अलीकडच्या फाट्यावर उतरल्यावर त्यांनी आधी चहा घेतला. मग पान लावून घेतलं. मग वहाणेचा अंगठा तुटला. सूर्य खाली खाली चालला होता आणि आकाराम नुसता चडफडत होता. शेवटी कॅमेरा, स्टँड आणि आण्णांची पिशवी काखोटीला मारून तो सुरूच्या बनात घुसला. किनारा झाडांच्या पलीकडे होता, अजून दिसत नव्हता.

त्याने मागे वळून पाहिलं, तर आण्णा बनातच उभे. आता ह्यांना झाडंही पसंत नाहीत की काय! तो तणतणत माघारी आला.

“चला की आण्णा! बुडाला की त्यो!”

आण्णांनी हात वर करून त्याला गप्प केलं. ते कान देऊन ऐकत होते.

“आकाराम,” ते हळूच म्हणाले, “हितं जवळपास धरण हाय काय रं? दारं उघडल्यागत आवाज येतोय.”