केबिनमधली छत्री

"छत्री उभी अडकवा ना, अप्पा. हे नेहमी खिडकीपाशी अडकवायचे," सून म्हणाली.

सासऱ्यांनी चिमट्यातली सुईएवढी छत्री केबिनच्या फरशीवर आडवीच चिकटवली. "मी आत शिरलो तेव्हा अशीच पडली होती. पाहिलं तसंच हातून उतरतं, पोरी. दुसरं काही जमत नाही मला."

अप्पा घडवत असलेली हातभर लांबीची ती खेळण्यातली ट्राम सुनेच्या मुलीसाठी होती. बाबा कुठे बसून गाडी चालवायचे, हे मुलीला पाहायचे होते. शाळेत तिला एवढेच ऐकायला मिळे, की तुझ्या बाबांना उतारावर डुलकी लागली.

अपघातानंतर केबिनमध्ये पहिले शिरले ते अप्पाच. आगारातल्या गाड्यांचे ब्रेक तपासणे हे त्यांचेच काम. ब्रेकच्या दांडीला पोराचा हातच लागलेला नव्हता, असे त्यांनी चौकशीत रडत रडत सांगितले. पोटच्या पोराविरुद्ध खरे बोलणारा बाप म्हणून अख्खे आगार अजून त्यांना मान देई. सुनेने मनावर दगड ठेवून ते मान्य केले होते. नवऱ्यासोबत गेलेल्या उतारूंच्या घरावरून जाताना तिची मान खाली असे. त्याचा फोटो तिने कपाटात टाकला होता.

"अगंबाई, डबासुद्धा केलात?"

"मग? माझ्या पोराला उपाशी ठेवू?" अप्पांनी डबा कोपऱ्यात चिकटवला.

त्यांनी पितळी तारेचा तुकडा कानशीने घासला, फुंकर मारली. "ही ब्रेकची दांडी."

"कशी चालते?"

"डावीकडे असली की गाडी मोकळी. उजवीकडे टोकाला ओढली, की चाकं जागच्या जागी आवळली जायला हवीत."

अप्पांनी डोळे पुसले, गोंदाचा थेंब सोडला आणि दांडी बसवली. बोटे एकदाही अडखळली नाहीत. मग ट्राम तिच्या हाती देऊन ते हात धुवायला गेले.

तिने ती उजेडात धरली आणि पुढच्या काचेतून आत पाहिले. फरशीवर छत्री. कोपऱ्यात डबा. ब्रेकची दांडी उजवीकडे, अगदी टोकापर्यंत ओढलेली.