सारखं म्हणजे एक नव्हे

"हे दोन एकच का, साहेब?" बाईंनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. पडद्यावर दोन ओळी होत्या. एकीत 'रबरी रिंग, पन्नास', दुसरीत 'गोल वायसर रबराचा, ५० मिमी'.

"एकच. दुसरं नाव आमच्या स्टोअरवाल्याचं. त्याला जगातली प्रत्येक गोल वस्तू वायसरच वाटायची. चंद्रालाही वायसर म्हणाला असता गाढव!"

बाई हसल्या. बटण दाबलं आणि दोन नोंदींची एक झाली.

साहेबांनी पंपाच्या कारखान्यात एकतीस वर्षं खरेदी सांभाळली होती. कारखाना ना लहान ना मोठा, पाचशे माणसांचा. पण खरेदीच्या यादीचा पार बट्ट्याबोळ झालेला. जो आला त्याने आपल्या मनाने नाव टाकलं. एकाच वस्तूची चार-चार नावं, आणि गोदामात ढीग पडलेला असताना तीच वस्तू पुन्हा मागवायची. आता कंपनीने एआय आणलं होतं. ते संशयित जोड्या हुडकून काढायचं, पण शेवटचा कौल द्यायला जाणता माणूस लागायचाच. अलीकडे साहेबांना चष्मा कुठे ठेवला ते आठवत नसे, पण कुठला भाग कुठल्या पंपाचा, ते झोपेतून उठवून विचारा!

म्हणून गेले चार महिने कंपनीच्या या बाई साहेबांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसत होत्या. भारी वक्तशीर. साहेब अंघोळ करून बाहेर येत तोवर बाई हजर. बेलसुद्धा वाजवत नसत.

पुढच्या जोडीत दोन ऑइल सील होती. नाव एक, माप एक.

"मशीन म्हणतंय, अठ्ठ्याण्णव टक्के एकच."

"मशीनच्या बापाने कधी पंप उघडला होता का? एक गरम पाण्याच्या पंपाचं, दुसरं गार पाण्याच्या. एक केलंत तर महिन्याभरात सगळे पंप गळतील. लिहून ठेवा बाई, सारखं म्हणजे एक नव्हे. आणि एक केलं की दुसरी नोंद पुसली जाते. पुसलेलं परत आणताना तोंडाला फेस येतो."

बाईंनी खरंच वहीत लिहून घेतलं आणि पेनाचं टोपण चावत पुढची ओळ बघू लागल्या.

"अहो, तुम्हालाही ही खोड? आमची भिंगरी अशीच. घरातलं एक टोपण धड ठेवलं नाही कार्टीने."

भिंगरी म्हणजे साहेबांची एकुलती एक लेक. एका जागी बसायची नाही म्हणून भिंगरी. तिचा विषय निघाला की साहेब तेच सांगायचे. आजही सांगितलं.

"परीक्षेला जाते म्हणाली. निळी पिशवी खांद्याला लावली आणि गेली ती गेलीच. ना फोन, ना निरोप. माझं काय चुकलं, बाई? रागावलो असेन कधी. पण म्हणून बापाला असं टाकून देतात का हो?"

बाईंनी उठून चहा टाकला. बिनसाखरेचा, कान तुटलेल्या कपात. साहेबांना तोच कप लागायचा.

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी अट घातली होती. "तुमचं मशीन एवढं हुशार आहे ना? मग यादी संपली की त्याने माझी लेक शोधून द्यायची. कबूल असेल तर बसतो."

"कबूल, साहेब," बाई म्हणाल्या होत्या.

त्या बोलीवर साहेब रोज बसले. डोळे दुखले तरी बसले. आणि आज चार वाजता शेवटच्या जोडीवर बटण दाबून बाई म्हणाल्या, "संपली यादी."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "आता माझं काम. सापडली का?"

"मशीनने एक जोडी काढलीय." बाई म्हणाल्या. त्यांनी लॅपटॉप वळवला.

पहिली ओळ: 'भिंगरी, साहेबांची मुलगी'. दुसरी ओळ: 'कंपनीच्या बाई'. जन्मतारीख एक. आईचं नाव एक. पत्ताही एकच, याच घराचा. शेजारी शंभर टक्के.

साहेबांनी दोनदा वाचलं. मग मान वर करून बाईंकडे पाहिलं. कानामागची पांढरी बट, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, हातातलं चावलेलं टोपण.

साहेब हसले, लहान मुलाचं गणित चुकल्यावर हसावं तसे.

"साफ चूक. माझी भिंगरी अठराची आणि तुम्ही चांगल्या चाळिशीच्या बाई. जन्मतारीख एक असेलच कशी? मी काय सांगितलं होतं? 'वेगळ्या' दाबा. एक केलंत तर माझी पोरगी पुसली जाईल."

बाईंनी 'वेगळ्या' दाबलं.

"अहो, रडताय काय? मशीनच ते, चुकायचंच. उद्या पुन्हा शोधू. निघा आता. घरी तुमचे वडील वाट बघत असतील."

"हो, साहेब," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, लॅपटॉप मिटला, दारापर्यंत गेल्या आणि आतून कडी लावली.