कुकरमधला साप

कॅज्युअल्टीच्या टेबलावर जयमालाताईंनी प्रेशर कुकर ठेवला आणि पदराने कपाळ पुसलं.

"साप बरोबर न्यावा लागतो म्हणतात ना, डॉक्टर? खराट्याने आत लोटला. शिट्टी काढून ठेवलीय, गुदमरायला नको."

वैदेहीची पाचावर धारण बसली. डॉक्टरकीची शेवटची परीक्षा पास होऊन तिला जेमतेम महिना झाला होता आणि सर्पदंश तिने आजवर फक्त पुस्तकात पाहिला होता. स्ट्रेचरवर ताईंचे मिस्टर जयप्रकाश डोळे मिटून पडले होते. नेरूळच्या त्यांच्या नव्या सोसायटीमागे कंबरभर गवत. वाऱ्याने पडलेला टीव्हीचा अँटेना आणायला गेले आणि साप पायाला चावला.

वैदेहीला पुस्तकातलं पान जसंच्या तसं आठवलं.

"काका, पापण्या जड वाटतात?"

"वाटतात."

"गिळायला त्रास होतो?"

"हो, होतोय."

"एकाचे दोन दिसतात?"

काकांनी एक डोळा किलकिला करून बायकोकडे बघितलं. "दोन दिसतात," ते कण्हत म्हणाले.

जयमालाताईंना रडू फुटलं. वैदेहीने मनात ठरवूनच टाकलं. नागच असणार! विषावरचं इंजेक्शन लगेच द्यायला हवं, नाहीतर माणूस हातचा जाईल. पण उगाच दिलं तर तेच इंजेक्शन जिवावर उठू शकतं, हेही तिला ठाऊक होतं. तिने शेजारी उभ्या असलेल्या सीनियर डॉक्टर आरिफा मॅडमकडे बघितलं. मॅडम शिकाऊ डॉक्टरांना उत्तर कधी देत नसत, उलटा प्रश्नच विचारत.

"ही लक्षणं पेशंटने सांगितली, की तू?"

वैदेही तोंड उघडणार, तोच जयमालाताई म्हणाल्या, "थांबा, सापच दाखवते ना," आणि रोजच्या सवयीने एका हिसक्यात त्यांनी झाकण काढलं.

साप सळसळत बाहेर. नर्सबाई खुर्चीवर, मॅडम स्टुलावर, वैदेही टेबलावर. आणि इतका वेळ ज्यांना पापणी उचलवत नव्हती, ते जयप्रकाशकाका स्ट्रेचरवरून उडी मारून थेट खिडकीच्या कट्ट्यावर!

"जयमाला, झाकण लाव! आधी झाकण लाव!"

"पाय?" मॅडमनी स्टुलावरूनच विचारलं.

"चालतात," वैदेही टेबलावरून म्हणाली.

"आवाज?"

"खणखणीत."

"पापण्या?"

काकांचे डोळे खोबणीतून बाहेर यायचेच बाकी होते. "टक्क उघड्या, मॅडम."

"मग इंजेक्शन?"

"आत्ता नको. उद्यापर्यंत ठेवून घेऊ, लक्ष ठेवू."

"शाब्बास. उतर आता."

बिचारी धामण होती ती, विष नसलेली. एवढा आरडाओरडा ऐकून तीच घाबरली आणि मागच्या दाराने गवतात पसार झाली.

काकांना पुन्हा स्ट्रेचरवर निजवलं. जयमालाताई त्यांचा हात धरून रडत होत्या, मधेच हसतही होत्या. वैदेहीने दुसऱ्या हाताची नाडी धरली. तिला फार हलकं वाटत होतं. या वेळी तिने एकच प्रश्न विचारला.

"काका, काय होतंय?"

आणि तोंड घट्ट मिटून ती वाट बघत राहिली.

काकांनी बराच विचार केला.

"भूक लागलीय."

जयमालाताईंनी टेबलावरच्या रिकाम्या कुकरकडे बघितलं.

"आज बाहेरचं आणते," त्या म्हणाल्या.