यादीतले डॉक्टर

मनोविकारांचे डॉक्टर एमरी स्टिडम जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या बायकोने, व्हर्नाने, कितीही पत्रं पाठवली, तरी केंटकीत गरिबांचा सरकारी विमा चालवणारी कंपनी त्यांचं नाव आपल्या डॉक्टरांच्या यादीतून काढेना. यादी लांब दिसली की सरकार कंपनीला दर विमाधारकामागे पैसे देत राहतं. मग मेलेला डॉक्टरही चालतो.

दवाखाना घरातच होता, त्यामुळे फोन व्हर्नालाच घ्यावे लागायचे.

"बाई, यादीतला हा नववा नंबर फिरवतेय. पोरगी धड जेवत नाही, बोलत नाही. डॉक्टरांना द्या ना फोन!"

"डॉक्टर गेले गं पोरी," म्हणत व्हर्नाही रडायची.

या हिवाळ्यात तिचीच झोप उडाली, घास घशाखाली उतरेना. एमरींनी मागे काही ठेवलं नव्हतं, म्हणून तिच्याकडेही त्याच गरिबांच्या विम्याचं कार्ड होतं. शेवटी स्वतःसाठी डॉक्टर विचारायला तिने कंपनीला फोन लावला.

"नशीबवान आहात, मॅडम!" पलीकडची मुलगी म्हणाली. "तुमच्याच रस्त्यावर डॉक्टर आहेत, नवे पेशंटही घेतात. एमरी स्टिडम. लिहून घेताय ना?"



व्हर्ना हळूच म्हणाली, "कधी भेटतील गं ते मला?"