दहा वॅटचा डबा

“परत खरखर! डोंगरावरच्या त्या डब्याचं काहीतरी बिनसलंय,” व्हर्लिन ट्रकमध्ये शिडी टाकत पुटपुटला. मोंटानाच्या खोऱ्यात दूरच्या रेडिओ स्टेशनची गाणी पसरवणारा तो दहा वॅटचा डबा त्यानंच तरुणपणी बसवला होता. खोऱ्याच्या टोकाच्या पुलापलीकडे त्याचा आवाज पोचत नसे. म्हणून डबा सुरू झाला त्या पहिल्या संध्याकाळी तो आणि त्याची बायको आर्डिथ पुलाअलीकडेच ट्रक थांबवून नाचले होते. आता गडी एकोणऐंशीचा, आणि महिन्यात तिसऱ्यांदा डब्याच्या खांबावर चढायला निघालेला. त्याचं मन मोडू नये म्हणून शेजारीही म्हणत, “हो रे बाबा, खरखरतो खरा.” आर्डिथच्या स्वयंपाकघरात मात्र तीच गाणी झऱ्यासारखी स्वच्छ वाजत होती. ती पिठाच्या हातांनीच धावली आणि ट्रकची किल्ली काढून घेतली. हे हळुवारपणे सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं, पण ओरडावंच लागलं: “डबा ठणठणीत आहे रे! कान गेलेत तुझे!”