काळी वायर
सकाळी साडेसातला अमळनेरहून कौतिकआबा व्हिडिओकॉलवर शिकागोतल्या लेकीकडून तिच्या घरातल्या दिव्याचं बटण बदलून घेत होते. त्यांनी आयुष्यभर मेन चालू ठेवूनच वायरिंग केलं होतं. लाल वायरीला जपायचं, काळी थंड. “काळी बिनधास्त सोल.” लेकीने पक्कड उघडली, पण आधी टेस्टर लावला. “आबा, काळीवरच पेटतोय.” “चायना टेस्टर असेल.” “पांढरीवर पेटत नाही.” आबा कुतूहलाने स्क्रीनवर वाकले. “पुन्हा लाव बरं.” पुन्हा पेटला. “लाल कुठे आहे?” “इथे लाल नाहीच.” “म्हणजे तिकडे काळीतच करंट,” ते पुटपुटले आणि दचकले. “पोरी, पक्कड ठेव. आधी मेन बंद कर.” कॅमेरा हलला, कॉल तुटला. “काय व्हयनं?” लेकीच्या आईने विचारलं. “मेन बंद कया व्हई. वायफाय गयं व्हई,” आबांनी अंदाज बांधला. “नुसतं व्हई?” तिने विचारलं. आबांनी परत फोन लावला. स्क्रीनवर अजून ‘कॉलिंग’चं ‘रिंगिंग’ झालं नव्हतं.