बिनमिठाची आमटी

एस्तेरने आमटीत मुद्दाम मीठ घातलं नाही आणि ताट वाढून, पळायला बरं म्हणून, नेहमीसारखी उघड्या दारापाशी उभी राहिली. पूर्वी एवढ्यावर नवऱ्याने ताट भिंतीवर भिरकावलं असतं. बाप्तिस्मा झाल्यापासून तो गाईसारखा गरीब झाला होता. चर्चमध्ये सगळे कौतुक करत. तिला ते सोंग वाटे.

त्याने घास घेतला. ताटाच्या कडेवरची बोटं पांढरी पडली, ताट उचललंही गेलं. "प्रभू, हात धर माझा," तो पुटपुटला. ताट खाली आलं.

"राग आला ना?" तिने विचारलं.

"रोज येतो. रोज प्रभूला हाक मारतो, तेव्हा कुठे हात थांबतो."

सोंग करणाऱ्याने 'राग नाही आला' म्हटलं असतं. एस्तेर मिठाची बरणी घेऊन पहिल्यांदाच त्याच्यासमोर जेवायला बसली. दार मात्र तिने उघडंच ठेवलं.